हसू थांबतं ती जागा

विक्रम राजा झाडावरून प्रेत काढतो, खांद्यावर टाकतो आणि मुकाट्याने स्मशानाची वाट धरतो. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो, राजाला उत्तर द्यावंच लागतं आणि प्रेत पुन्हा झाडावर. १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ लागायचं तेव्हा टीव्हीसमोर सगळ्यांत पुढे आजी बसायची. राजाने तोंड उघडलं की ती कपाळावर हात मारून घ्यायची, “गप्प बसायला काय होतं रे मेल्या!” उत्तर माहीत असून गप्प राहिला तर राजाच्या डोक्याची शकलं होतील, ही अट तिला पाठ होती. तरी पुढच्या भागाला तोच हात आणि तेच कपाळ. आम्ही मुलं राजापेक्षा आजीलाच जास्त हसायचो.

पुढे केबल आली आणि ‘सूर्यवंशम’ एका चॅनेलवर इतक्या वेळा लागू लागला की त्या चॅनेलवर देशभर विनोद झाले. विषाची खीर कधी येणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. आजी तेव्हाही ओरडायची, “खाऊ नको!” पुढचं सगळं माहीत आणि हातात काहीच नाही, अशी प्रेक्षकाची गत. मला वाटतं, या अवस्थेची चव लहानपणीच लागल्यामुळे एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणाऱ्या नायकाचे सिनेमे मला आवडू लागले असावेत. १९९३ चा ‘ग्राउंडहॉग डे’ मी भाड्याच्या सीडीवर पाहिला. त्यातला बिल मरे रोज सकाळी सहाच्या गजराला त्याच २ फेब्रुवारीत उठतो. त्याला निदान कोणी मारत तरी नाही.

२०१४ च्या जूनमध्ये आला ‘एज ऑफ टुमॉरो’. तो मी नाशिकच्या सिटी सेंटर मॉलमध्ये पाहिला. इंदिरानगरचा बोगदा नडला नाही तर मॉल काही लांब नाही. टॉम क्रूझचा मेजर केज हा मुळात लढवय्या नाहीच. लष्कराची जाहिरात करणारा, गुळगुळीत दाढीचा अधिकारी. परग्रहावरच्या शत्रूशी लढायला त्याला फ्रान्सच्या किनाऱ्यावर ढकललं जातं. तिथे तो काही मिनिटांत मरतो आणि आदल्या सकाळी जागा होतो. मग पुन्हा किनारा, पुन्हा मरण. अमेरिकेत सिनेमा लागला ६ जूनला, म्हणजे नॉर्मंडीच्या चढाईला बरोबर ७० वर्षं झाली त्या दिवशी.

पहिल्या मरणाला थिएटरात कोणी हसलं नाही. पण केज कवायतीतून पळायला बघतो, धावत्या ट्रकखालून लोळत निसटायचा त्याचा अंदाज चुकतो आणि तो चाकाखाली येतो, तिथे सगळं थिएटर फुटलं. मग रीटा, म्हणजे एमिली ब्लंट, त्याला लढायला शिकवते. तो जायबंदी झाला की ती शांतपणे पिस्तूल काढून त्याला गोळी घालते, चला, पहिल्यापासून. दर गोळीला हशा. माणूस मरतोय आणि आपण हसतोय, याचं कोणाला काही वाटत नव्हतं. शेवटी दोघं एका ओस शेतघरात पोचतात. तो तिला कॉफी करून देतो, तिने न सांगता तीन साखरा घालून. तिच्या लक्षात येतं की हा इथे आधी कितीदा तरी येऊन गेलाय आणि इथून पुढे आपण दर वेळी मरतो. माझ्या पुढच्या रांगेतला मुलगा वेफर्सच्या पाकिटात हात घातलेला तसाच राहिला. थिएटरातलं हसू तिथे थांबलं, ते परत तसं आलं नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. असा सिनेमा कोणाबरोबर पाहायचा असला की मी पडद्याकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघते. याचं हसू कुठे थांबतं?

पडद्यापुढच्या माणसांचं कौतुक आमच्या नाशिकला जुनंच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांची चित्रपट कंपनी नाशकात होती आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते इथेच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आमच्यापासून जवळच. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढून हात जोडत, असं सांगतात. राम झाले होते अण्णा साळुंके आणि सीताही तेच. कोणाचं काही अडलं नाही, कारण बघणाऱ्याने राम आणि सीता घरूनच आणलेले होते.

‘एज ऑफ टुमॉरो’ काही वर्षांनी हिंदीत टीव्हीवर लागला तेव्हा आई-बाबा सोबत होते. बाबांनी अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सेटर म्हणून उमर काढलेली. ट्रकच्या प्रसंगाला ते हसलेच नाहीत. “माणूस चाकाखाली आल्यावर हसायचं काय?” एवढंच म्हणाले. गोळ्या घालून पहिल्यापासून सुरू करायचा भाग आला आणि ते खुर्चीत पुढे सरकले. “अगं, हा ट्रायल घेतोय!” मग ब्रेकमध्ये त्यांनी मला समजावलं. नवा जॉब लागला की पहिला पीस काढायचा, मायक्रोमीटर लावायचा. वीस मायक्रॉन जास्त आला तर ऑफसेट द्यायचा आणि दुसरा काढायचा. पहिले दोन-चार भंगारात जाणार, त्याचं दुःख करायचं नसतं. “पण यांचं एक खोटं आहे,” ते म्हणाले. “मशीन तेच, प्रोग्राम तोच, तरी शंभरावा पीस पहिल्यासारखा येत नाही. इन्सर्ट झिजतं. ह्याचं काहीच कसं झिजत नाही?”

“झिजतंय की,” आई म्हणाली, “तोंड बघा त्याचं.”

आईने पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात नोकरी संपवली. तिचं हसू कॉफीच्याही आधी थांबलं होतं. केज रीटाला पुन्हा पहिल्यापासून आपली ओळख सांगू लागतो, तिथेच. “दर जूनला माझं हेच,” ती म्हणाली. “मला ‘ग म भ न’ झोपेतही यायचं, पण समोरच्या पोराला ‘ग’ आयुष्यात पहिल्यांदा भेटत असतो. आपल्याला कंटाळा आलाय हे तोंडावर दिसता कामा नये. दिसलं की पोर बिचकतं.” बाबांनी या सिनेमात कारखाना पाहिला, आईने शाळा. परग्रहावरच्या शत्रूबद्दल दोघांनी अवाक्षर काढलं नाही.

बाबांचं सकाळचं मित्रमंडळ इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जमतं. त्यांना बाबांनी कथा सांगितली आणि पाचव्या मिनिटाला गाडी पानिपतावर गेली. मराठी माणसाला एखादी लढाई पुन्हा लढायची मुभा द्या, तो १४ जानेवारी १७६१ सोडून दुसरी मागणार नाही. विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर? भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते आणि रिकामी अंबारी पाहून फौज फुटली नसती तर? गोलाची लष्करी रचना मोडून विंचूरकर आणि गायकवाड पुढे धावले, असं सांगतात. ते विंचूरकर तर आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलणारे एक काका तिथे कायम हजर असतात. अडीचशेहून जास्त वर्षं आपण तो एक दिवस असा पहिल्यापासून लावतो आहोत. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना वाचवून अख्खा इतिहासच फिरवला.  

त्या चर्चेवर बाबांचं म्हणणं पुन्हा कारखान्याचंच. “आपण चाल बदलल्यावर अब्दाली काय तसाच उभा राहणार होता? त्यानेही ऑफसेट दिला असता.” मंडळींना ते आवडलं नाही. पण तमिळमध्ये २०२१ मध्ये आलेल्या ‘मानाडु’ने नेमकी हीच अडचण हाताशी धरली आहे. त्यात तोच दिवस पुन्हा जगणं नायकाबरोबर खलनायकालाही लागू होतं. हा एक डाव टाकतो, तो दुसऱ्या खेपेला तयारीने येतो. एस. जे. सूर्या वैतागून वैतागून जे काही करतो, त्याला आमच्याकडे सगळ्यांत जास्त हशा मिळाला. बाबा खूष होते. “हे बरोबर आहे,” म्हणाले, “दोन्हीकडून झिजलं पाहिजे.”

परवा ‘एज ऑफ टुमॉरो’ माझ्या मुलाने पाहिला, आईही सोबत होती. तो गेम खेळून वाढलेला. मेला की पुन्हा सुरू, यात त्याला नवल ते काय! ट्रकला हसला, गोळ्यांना हसला. तीन साखरांच्या कॉफीला मी त्याच्याकडे टक लावून बसले, तर तो म्हणाला, “म्हणजे ही लेव्हल पार होत नाहीये त्याला.” याचं हसू काही थांबायचं नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली.

शेवटी लढाई संपते, जग वाचतं. केज रीटासमोर येऊन उभा राहतो. ती त्याला ओळखत नाही, काय काम आहे म्हणून खेकसते, आणि तो हसतो. इतका वेळ आपण त्याला हसत होतो, आता तो एकटा हसतो. मुलाने रिमोट उचलला, पण बंद केलं नाही.

“आता याने तिला सगळं परत पहिल्यापासून सांगायचं?”

“हो,” आई म्हणाली, “आणि पहिल्यांदाच सांगतोय असं सांगायचं.”

“बोअर होईल ना, आजी.”

“होतं की. म्हणून तर मे महिन्यात सुट्टी देतात.”