घामाघूम

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होते, पण विषयच असा की सुरुवात कुठून करावी कळेना. विषय आहे घाम. तोही स्वतःचा. इथे येणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत (मोठी मावशी, वाचत असशील तर लगेच फोन करून "असलं काय लिहितेस गं" म्हणू नकोस), त्यामुळे जरा अवघडल्यासारखं होतंय. पण मागे सायकलबद्दल लिहिलं होतं तेव्हा तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला होता: "ते सगळं ठीक आहे, पण ऑफिसात पोचल्यावर वासाचं काय करतेस?" तेव्हा उत्तर टाळलं होतं. आज देते.

गेल्या वर्षी जानेवारीत मी सायकलने ऑफिसला जायला लागले. कोथरूड ते बाणेर, मोजून अकरा किलोमीटर. कर्वे रस्ता, नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक आणि मग सरळ बाणेर. कारण काही थोर नव्हतं. पर्यावरण वगैरे मी नंतर विचारणाऱ्यांना सांगायला शोधलं. खरं कारण म्हणजे रक्ततपासणीच्या कागदावरचा साखरेचा आकडा आणि तो पाहून डॉक्टरांनी चष्म्यावरून टाकलेली एक नजर.

जानेवारी-फेब्रुवारी मजेत गेले. पुण्याची सकाळची थंडी, हातात मोजे, नाकाचा शेंडा लाल. सिंबायोसिसजवळचा चढ सोडला तर अंगाला घाम म्हणून नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, अहो काही नाही, सहज जमतं, तीस मिनिटांत पोचते. तीस मिनिटं! गाडीला पस्तीस लागतात. रोज घड्याळ लावून जायचे आणि मिनिट कमी झालं की दिवस चांगला जायचा.

मग मार्च आला.

आमच्या ऑफिसात कॉफीची तीन यंत्रं आहेत, टेबल टेनिस आहे, दुपारी डुलकी काढायला फुग्यासारख्या खुर्च्या आहेत. न्हाणीघर मात्र नाही. विचारलं तर "तशी तरतूद नाही" असं उत्तर आलं. म्हणजे विषय संपला. उरली बायकांची स्वच्छतागृहं. तिथले नळ हात पुढे केल्यावर तीन सेकंद पाणी देतात आणि मग विचारात पडतात. टिश्यूने मान पुसावी तर त्याच्या गोळ्या होऊन मानेलाच चिकटतात. हात वाळवायच्या यंत्राखाली मान घालून उभी असताना मला आमच्या टीममधल्या एका मुलीने पाहिलं. ती "गुड मॉर्निंग" म्हणाली. मीही त्याच अवस्थेत "गुड मॉर्निंग" म्हणाले. अजून काय म्हणणार?

गंमत अशी की घाम पुसून, कपडे बदलून जागेवर जाऊन बसावं, तर पाच मिनिटांत नव्या कुर्त्याची पाठ पुन्हा ओली. असं का होतं ते तेव्हा कळत नव्हतं. मी आपली डिओडरंट मारायचे. घामाच्या वासावर डिओ मारला की एक तिसराच वास तयार होतो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल.

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी जागेवर आले तर कीबोर्डशेजारी डिओडरंटची बाटली. नवीकोरी, सील न तोडलेली. चिठ्ठी नाही, नाव नाही, काही नाही.

हे इथे लिहायला मला वर्ष लागलं यावरून समजा. कान गरम होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आधी वाटलं, चुकून कुणाची तरी राहिली असेल. मग आजूबाजूला पाहिलं तर सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. म्हणजे हे ठरवून झालं होतं. कुणीतरी कुणालातरी म्हणालं असणार, तू ठेव, नको तू ठेव. त्या दिवशी मी एकाही मीटिंगमध्ये कुणाच्या शेजारी बसले नाही. लिफ्टमध्ये माणसं दिसली की "विसरले काहीतरी" असा चेहरा करून जिन्याने गेले. बरं, जिन्याने गेलं की आणखी घाम.

बेचाळीस वर्षांच्या बाईला, जिच्या हाताखाली नऊ माणसं काम करतात, एका बाटलीने पाचवीतल्या मुलीएवढं करून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटर. आईबाबांना फोनवर सांगितलं, सायकल पंक्चर आहे. तीन आठवडे तेच सांगितलं. शेवटी बाबा म्हणाले, "एवढ्या वेळात मी टायर कारखान्यातून करून आणला असता." मग सगळं सांगावं लागलं.

बाबांनी सव्वीस वर्षं सदाशिव पेठ ते खडकी सायकल मारली. तिथल्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होते. मला त्यांची आठवण आहे ती पायजम्यासारख्या ढगळ पँटला क्लिप लावून निघतानाची. कॅरियरला पिशवी, पिशवीत डबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट आणि पंचा. संध्याकाळी परत येताना तोच पंचा हँडलला बांधलेला असायचा, वाळत. मला शाळकरी वयात त्या फडफडणाऱ्या पंचाची लाज वाटायची. असो.

बाबांनी बाटलीबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं एवढंच, "किती वेळात जातेस?"

"तीस मिनिटं!" (यातही थोडा अभिमान होताच.)

"कसली घाई असते?"

मला उत्तर देता येईना. ते म्हणाले, "मी सव्वीस वर्षांत कुणाच्या पुढे गेलो नाही. दूधवाले पण मागे टाकून जायचे. पोचलं की झाडाखाली सायकल लावायची, दहा मिनिटं उभं राहायचं, कुणाशी तरी बोलायचं, आणि अंग थंड झालं की मग पंचा ओला करून पिळून अंग पुसायचं. गरम अंगावर शर्ट घालायचा नाही. तू चढवतेस ना लगेच?"

चढवतेच.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे गणित मांडत बसले. पायाने पॅडल मारताना आपण खर्च करतो त्या ऊर्जेतली जेमतेम पाव चाकाला मिळते, बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. आणि वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. अकरा किलोमीटर तीस मिनिटांत म्हणजे ताशी बावीस. ताशी सोळाने गेलं तर वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद अडीचपटीहून कमी होते, आणि वेळ किती जास्त लागतो? अकरा मिनिटं. ती मी नाहीतरी त्या यंत्राखाली मान घालून घालवतच होते.

नव्या कुर्त्याची पाठ का भिजते तेही कळलं. सायकल चालू असताना वारा लागतो, घाम सुकत असतो, जाणवत नाही. थांबलं की वारा बंद, पण आतलं अंग तापलेलंच, त्यामुळे घाम यायचा तेवढा येत राहतो. म्हणजे खरी आंघोळ लिफ्टमध्ये होते! बाबांची झाडाखालची दहा मिनिटं त्यासाठी होती. त्यांना हे कुणी समजावलं नव्हतं. त्यांच्याकडे शर्ट दोनच होते, म्हणून समजलं असावं.

आणखी एक वाचनात आलं. नुकत्याच आलेल्या घामाला वास जवळजवळ नसतोच. अंगभर येतो तो घाम म्हणजे पाणी आणि मीठ. काखेतल्या ग्रंथींचा स्राव वेगळा असतो, आणि कातडीवरचे जिवाणू त्याच्यावर जेवायला बसले की वास सुटतो. म्हणजे निघण्यापूर्वी आंघोळ करून निघालं तर जेवायला मंडळी कमी. मी उलट करत होते, "नाहीतरी घाम येणारच" म्हणून संध्याकाळी आंघोळ.

तर मे महिन्यात पुन्हा सुरू केलं. सकाळी आंघोळ, रमतगमत, पाठीवरची सॅक काढून कॅरियरला (सॅकखालची पाठ कधीच सुकत नाही), पार्किंगमध्ये दहा मिनिटं. पंचा तुळशीबागेतून आणला. मऊ जाड टॉवेलपेक्षा पंचा शंभर पटीने बरा, पाणी धरतो, पिळला की सोडतो, दुपारपर्यंत कडकडीत वाळतो. अंग कोरडं राहायला लागलं. पण मनातली बाटली जाईना. दर तासाला मान वळवून स्वतःचाच वास घ्यायचे.

आमच्या मजल्यावर झाडू-पुसायला एक मावशी आहेत. एकदा सकाळी लवकर आले होते, त्या टेबलांखालून मॉप फिरवत होत्या. मी पाय वर घेतले. त्या वाकल्या, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "ताई, एक बोलू? राग नका मानू."

झालं, म्हटलं. आता या पण.

"तुम्हाला वास नाय येत. त्या पिशवीला येतो."

टेबलाखाली एक प्लास्टिकची पिशवी होती. सायकलवर घालायचा टी-शर्ट मी काढून त्या पिशवीत कोंबायची, गाठ मारायची आणि संध्याकाळी तोच घालून घरी. चकचकीत, भडक नारिंगी, "घाम शोषून घेणारा" असं लेबल असलेला, महागडा पॉलिस्टरचा टी-शर्ट. दिवसभर, एप्रिलच्या उन्हाळ्यात, बंद पिशवीत, माझ्या पायांशी. पुढे शोधलं तर २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठातल्या लोकांनी नेमका हाच उद्योग केलेला सापडला: माणसांना तासभर जागच्या जागी सायकल मारायला लावली, टी-शर्ट काढून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हुंगायला माणसं बसवली. सुतीपेक्षा पॉलिस्टरचे जास्त घाण निघाले. काय नोकऱ्या असतात एकेकाच्या.

म्हणजे बाटली ठेवणाऱ्याला वास आला होता हे खरंच होतं. ते कळल्यावर मला जास्त लाज वाटायला हवी होती, पण उलट इतकं हलकं वाटलं की मी मावशींसमोर डोळे पुसले. तीन महिने मी ज्याला माझं अंग समजत होते तो एक टी-शर्ट होता.

मी त्यांना बाटलीचं सांगितलं. त्यांना माहीत होतं. सगळ्या मजल्याला माहीत होतं. म्हणाल्या, "तुम्हाला बाटली तरी ठेवली. आम्हाला तोंडावर सांगतात."

त्या पाषाणच्या पलीकडून दोन बस बदलून येतात, शेवटचा टप्पा चालत. आल्यावर साडी बदलून गणवेश. कुठे बदलतात हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. जिन्यामागे मॉप-बादल्यांची एक खोली आहे. आत एक मोरी, वाहता नळ, बादली, तांब्या, भिंतीला खिळे आणि खिळ्यांवर पाच साड्या. पंखा नाही. दाराला आतून कडी आहे. "इथं या उद्यापासून," त्या म्हणाल्या, "नऊच्या आत. नंतर आमची गर्दी असते."

तेव्हापासून मी तिथे जाते. एक तांब्या पाणी, पंचा, सुकं कापड, पाच मिनिटं. पिशवी आता जाळीची आहे आणि टी-शर्ट त्या खोलीच्या खिळ्यावर वाळतो. टी-शर्ट म्हणजे बाबांचा जुना सुती शर्ट, बाह्या दुमडून. सहावा खिळा मावशींनी ठोकला. मी वर न्हाणीघरासाठी पुन्हा अर्ज दिला आहे, या वेळी त्यात त्या पाच जणींच्या खोलीला पंखा हवा असंही लिहिलंय. पंखा आला. न्हाणीघर "विचाराधीन" आहे.

मुंबईच्या भावाने विचारलंय, आमच्याकडे जमेल का. खरं सांगू का रे, दादरच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, तिथे पंचा दोनदा पिळावा लागेल आणि दहाची वीस मिनिटं धरावी लागतील. पावसाळ्याचं पण विचारत होतास: रेनकोटमध्ये आतून भिजायचं की बाहेरून, एवढीच निवड असते. मी बाहेरून भिजते. पावसाच्या पाण्याला वास नसतो. फक्त मागच्या चाकाला मडगार्ड लाव, नाहीतर पाठीवर चिखलाची वेणी घालून पोचशील.

ती बाटली अजून खणात आहे, सील तसंच. फेकवत नाही आणि वापरवतही नाही.

परवा बाबांनी पुन्हा विचारलं, आता किती वेळ लागतो.

"बेचाळीस मिनिटं."

फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "अजून जोरातच जातेस."