खोडदची दुर्बीण आणि न आलेली रेल्वे

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, नारायणगाव, आळेफाटा ओलांडताना एक उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळच नाही. नारायणगावचा टोमॅटो ट्रकने जातो आणि पुण्याला शिकायला निघालेली मुले एस.टी.ने.

वास्तविक जुन्नर हे आडबाजूचे गाव कधीच नव्हते. सातवाहन काळात कोकणातून येणारी व्यापारी वाट नाणेघाट चढून येथे पोहोचत असे. येथील बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने आणि यवनांनी दिलेल्या दानांची नोंद आजही वाचता येते. जेथे एवढी मोठी वाट येत होती तेथे रेल्वे का येऊ नये, असा प्रश्न आम्हाला या भागात फिरताना पडला.

रेल्वे येणारच होती. २०२१ साली राज्य शासनाने पुणे-नाशिक सेमी हायस्पीड विद्युत रेल्वेला मान्यता दिली. लांबी सुमारे २३५ कि.मी., वेग ताशी २०० कि.मी. आणि प्रवास पावणेदोन तासांचा. मंचर, नारायणगाव, आळे ही नावे स्थानकांच्या यादीत होती. मार्गावरील काही गावांत भूसंपादनही सुरू झाले.

अडचण आली ती खोडदला. नारायणगावच्या पूर्वेला असलेल्या या गावाच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली ही रेडिओ दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपते. विजेची गाडी धावताना वरची तार आणि टपावरचा दांडा यांच्यात ठिणग्या उडतात. त्यांतून निघणाऱ्या लहरी दुर्बिणीला बधिर करू शकतात. अखेर हा मार्ग व्यवहार्य नाही, नवा मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडून जाईल, असे २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांकडून जाहीर झाले.

वाचकहो, वेधशाळा आणि विजेची गाडी यांचा असा पेच जपानमध्येही पडला होता. टोकियोहून ईशान्येला जाणाऱ्या जोबान मार्गाजवळ काकिओका येथे भूचुंबकीय वेधशाळा आहे. एकदिश विजेवर गाड्या चालवल्या तर रुळांतून जमिनीत उतरणारा प्रवाह तेथील मोजमाप बिघडवतो. म्हणून तोरिदे स्थानकापर्यंत एकदिश आणि त्यापुढे प्रत्यावर्ती वीज देण्यात आली. दोन्ही विजांवर चालणाऱ्या खास गाड्या बांधाव्या लागल्या. त्यांतलीच एक ६५१ मालिकेची ‘सुपर हिताची’. मोजके थांबे घेणारी ही जलद गाडी मार्च १९८९ मध्ये सुरू झाली आणि ताशी १३० कि.मी. वेगाने धावू लागली. २०१२ पासून ई ६५७ मालिकेने तिची जागा घेतली. जुन्या गाड्या काही वर्षे दुसऱ्या मार्गावर चालल्या आणि २०२३ साली निवृत्त झाल्या. दुहेरी यंत्रणेचा खर्च वाढला, पण वेधशाळाही राहिली आणि प्रवाशांची गाडीही.

तेथील अडचण जमिनीतल्या प्रवाहाची होती, आपली रेडिओ लहरींची आहे. म्हणून तीच युक्ती येथे चालेल असे आम्ही म्हणत नाही. पण विज्ञान की प्रवासी, अशी निवड तेथे लोकांवर लादली गेली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

खोडदची दुर्बीण साऱ्या जगाची आहे. तिला धक्का लागू नये, हे आमचेही मत आहे. परंतु तिच्यासाठी रेल्वे सोडावी लागली ती येथल्या शेतकऱ्याला, मजुराला आणि विद्यार्थ्याला. रूळ शिर्डीकडे वळवताना मंचर-नारायणगावच्या माणसाला दुसरी कोणती सोय देणार, हे शासनाने स्पष्ट सांगावे. ज्या तालुक्यांनी जगाच्या विज्ञानाला शांतता दिली, त्यांना निदान वाट तरी मिळाली पाहिजे.