आधी पुठ्ठा, मग पाना

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. मीनल,



फोनवर म्हटलं तेच पुन्हा लिहितो: रविवारी गाडी घेऊन निघायचं नाही. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला जो फिकट ओला डाग दिसतोय, तो कशाचा हे कळेपर्यंत गाडी पार्किंगमधून हलवू नकोस, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतसुद्धा नको. उरलेले दोन डाग चार दिवस थांबतील. हा थांबणार नाही. फोनवर कारणं नीट सांगता आली नाहीत, म्हणून पहाटेच्या गाडीनं पुण्याला निघालेल्या तुझ्या दादाच्या हाती हे पत्र देतोय. वाचून झालं की गाडीच्या कागदांबरोबर डॅशबोर्डच्या खणात ठेव.

तुमचा वॉचमन म्हणाला ऑइल, शेजारचे काका म्हणाले कूलंट. दोघांनीही रंग बघून सांगितलं, आणि गळतीच्या बाबतीत मी रंगावर सगळ्यात कमी विश्वास ठेवतो. कूलंट हिरवं असतं, गुलाबी असतं, निळं, केशरी, लालही असतं. रंग बनवणारी कंपनी वरून घालते आणि कुठल्या कूलंटला कुठला रंग द्यायचा याचा सगळ्यांना लागू असा नियम नाही. इंजिन ऑइल ओतताना पारदर्शक पिवळसर असतं, काही हजार किलोमीटरनंतर तपकिरी-काळं होतं. डिझेल गाडीत तर ते काजळीमुळे लगेचच काळं पडतं आणि त्यात बिघाड काही नसतो. ब्रेक ऑइल नवं असताना जवळजवळ बिनरंगी, जुनं झालं की चहाच्या रंगाचं. त्यात तुझा फोटो ट्यूबलाइटच्या उजेडात, धुळीच्या फरशीवर काढलेला. म्हणून आधी जागा बघायची, मग स्पर्श, मग वास, आणि रंग शेवटी.

जागा कळायला पुठ्ठा लागतो. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा मोठा खोका सोसायटीत कुणाकडे तरी असेलच, तो उलगड. फरशी आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी कर, कारण तिथले निम्मे डाग तुझ्याआधी उभ्या राहणाऱ्या गाडीचे असू शकतात. पुठ्ठा गाडीखाली सरकव, चारही चाकं कुठे येतात ते खडूनं आखून घे, पुढच्या बाजूला बाण काढ आणि रात्रभर राहू दे. स्वतः मात्र गाडीखाली शिरू नकोस. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही, मग वर उचलणारा माणूस कितीही अनुभवी असो. गुडघ्यावर बसून टॉर्चनं जेवढं दिसेल तेवढं पुरे.

एक लक्षात ठेव. थेंब जिथे पडतो तिथूनच गळती असते असं नाही. वर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरलेलं ऑइल इंजिनच्या अंगावरून उतरतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या नटाच्या टोकावरून टपकतं. तरी पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे, एवढं पुठ्ठा खात्रीनं सांगतो आणि तेवढ्यानं निम्मे संशयित बाद होतात.

तुझा पहिला डाग पुढे डावीकडे, शेजारच्या सीटच्या पायांखाली आहे. ते एसीचं पाणी. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत एसीची थंड जाळी डाव्या डॅशबोर्डमागे असते. हवेतली वाफ तिच्यावर गार होऊन पाणी होते आणि नळीवाटे खाली सोडली जाते. त्या पाण्याला रंग नाही, वास नाही, बोटाला ओशटपणा नाही. दमट हवेत, मुंबईला किंवा कोकणात, एसी बंद केल्यावर चांगलं थारोळं होतं. ते दिसलं की समाधान मान. उकाड्याच्या दमट दिवसांत तासभर एसी चालवूनही खाली एक थेंब नाही, असं झालं तर नळी तुंबली असेल, मग तेच पाणी डाव्या सीटपुढच्या गालिच्यात मुरतं आणि गाडीत कुबट वास येतो. तो गालिचा ओला असून हाताला चिकट लागत असेल आणि गोडसर वास येत असेल तर मात्र हीटरची जाळी फुटून कूलंट आत येतंय असं समज.

मधला तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. गेल्याच आठवड्यात ऑइल बदललंस असं म्हणालीस, म्हणून माझा पहिला संशय चेंबरच्या नटाखालच्या वायसरवर आहे. तो दर वेळी नवा टाकायचा असतो, घाईत जुनाच वापरला जातो. नट उगाच फार आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचा आटा जातो, ते वेगळंच. दुसरा संशय फिल्टरवर. जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकावर एक येतात आणि ऑइल जोरात बाहेर येऊ शकतं. म्हणून सपाट जागेवर, गार इंजिनवर डिपस्टिक काढून बघ. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर हा डाग आजच्या काळजीचा नाही.

इथे तुला एक कळकळीनं सांगतो. डाग दाखवल्याबरोबर कुणी इंजिन खोलायला निघालं तर हो म्हणू नकोस. आधी इंजिन खालून स्वच्छ धुवायला सांग, थोडं चालवून पुन्हा बघायला सांग. धुतलेल्या इंजिनवर ताजी ओल कुठून सुरू होते ते उघड दिसतं. मळलेल्या इंजिनवर जुना चिकटा आणि नवी गळती कुणालाच वेगळी करता येत नाही, आणि मग पॅकिंगच्या कामाला क्रँकच्या ऑइल सीलचं बिल लागतं. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी मोठी असते. वय झालेल्या इंजिनला टॅपेट कव्हरपाशी थोडा ओलसरपणा असतो, त्याच्यावर वर्षानुवर्षं गाड्या चालतात. फक्त ते ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत असेल, जळका वास आणि धूर येत असेल, तर थांबायचं नाही.

कूलंट तुझ्या गाडीखाली दिसत नाही, पण उन्हाळा आहे आणि कधीतरी खंबाटकी घाट चढायचा आहे, म्हणून ओळखायला शीक. बोटाला किंचित बुळबुळीत, वास गोडसर. गळतीच्या जागी वाळलेला पांढरट-हिरवट थर धरतो. होज पाइपचा क्लॅम्प, रेडिएटरचा सांधा आणि वॉटर पंप या नेहमीच्या जागा. वॉटर पंपाला खालून एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं आणि मालकाला कळावं, यासाठी. ते छिद्र एम-सीलनं बुजवून दिलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. असं काम बघितलं की राग येतो. पुण्यातल्या पार्किंगांत आणखी एक कारण असतं, उंदीर. होज आणि वायरी कुरतडतात. गळतीच्या तोंडाशी दातांच्या खुणा आहेत का तेही बघायचं.

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. त्याचंच भावंड असलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलनं काय केलं ते आमच्या पिढीला पाठ आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन औषध म्हणून दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली होती. तुमच्या पार्किंगमध्ये लहान मुलं खेळतात. तसा डाग दिसला तर आधी त्यावर भुसा किंवा माती टाकून तो उचल, भरपूर पाण्यानं जागा धू, मग गाडीची चिंता कर. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशाला उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. झाकण सैल केल्याक्षणी दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं. भाजलेले हात मी पाहिले आहेत.

आता तुझा तिसरा डाग. मागच्या चाकापाशी कूलंटही नाही आणि इंजिन ऑइलही नाही, ही दोन्ही पुढेच राहतात. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा मागे डिफरन्शियलचं घट्ट, गंधकासारखा वास मारणारं गिअर ऑइलही नाही. मग काय उरलं? कुत्र्याचं मूत असू शकतं, पण ते चाकाच्या बाहेरून असतं, वाळतं, आणि वासावरून कळतं. सायलेन्सरचं पाणी असू शकतं, विशेषतः तुझ्या गाडीला सीएनजी आहे म्हणून. एक किलो सीएनजी जळला की जवळजवळ सव्वादोन किलो पाणी तयार होतं. इंजिन गार असताना त्यातलं काही सायलेन्सरमध्येच साचून टपकतं. पण त्याला सायलेन्सर त्याच बाजूला हवा, तेवढं बघून घे. शॉक ॲब्सॉर्बरचं तेलही असू शकतं. ते सहसा थेंबानं पडत नाही, शॉकच्या नळीवरच धुळीचा ओला लेप करून बसतं. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, पण पेट्रोल असतं तर वास लपला नसता आणि सकाळपर्यंत उडून गेलं असतं. तसा वास कधी आला तर किल्लीला हात लावू नकोस, बॉनेट उघडू नकोस, लोकांना दूर कर.

आणि उरतं ब्रेक ऑइल. मागच्या ड्रममध्ये एक छोटा व्हील सिलिंडर असतो, त्यातली रबरं झिजली की ऑइल ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजवतं आणि बॅकप्लेटच्या खालून टायरच्या आतल्या भिंतीवर येतं. तुझ्या फोटोतला डाग नेमका तिथेच आहे. खात्री करायची ती अशी. कापसाचा बोळा त्या ओलीला लाव आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात बुडव. ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या वर्गातल्या रसायनांचं असतं, ते पाण्यात मिसळून जातं. शॉकचं तेल वर तरंगून तवंग धरतं. नंतर हात साबणानं धू आणि तो कापूस गाडीच्या रंगाला लागू देऊ नकोस, रंग सोलून निघतो. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीवरच्या दोन खुणा बघ. ब्रेक पॅड झिजतील तशी पातळी हळूहळू थोडी खाली येते, ते चालतं. खालच्या खुणेच्या खाली गेली असेल, तर चालणार नाही. शेवटी गाडी बंद ठेवून ब्रेक चार वेळा मार आणि पाचव्यांदा जोर देऊन दाबून धर. पाय टिकला पाहिजे. सावकाश खाली जात असेल तर ऑइल कुठून तरी निसटतंय.

काका म्हणतील, ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा धरतो. बरोबर आहे, अर्धे ब्रेक राहतात. पण गाडी थांबायला लागणारं अंतर किती वाढलं हे माणसाला समोरचा ट्रक दिसल्यावर कळतं. शिवाय डबीत हवा आणि ओल गेलेली असते. डॉट ३ ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषून घेतलेल्याची मर्यादा १४० वर येते. घाट उतरताना ब्रेक तापतात, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पेडल थेट तळाला जातं.

म्हणून मिस्त्रीला पार्किंगमध्येच बोलाव आणि चाक तिथेच उघडायला सांग. सिलिंडर गळत असेल तर दोन्ही बाजूंचे बदलून घे, डावाही तेवढाच जुना आहे. भिजलेले लायनर पेट्रोलनं पुसून परत बसवू देऊ नकोस, नवा संच घाल. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद बाटलीतलं. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून झाली की सोसायटीच्या आवारात सावकाश चालवून ब्रेक बघ, मगच रस्त्यावर.

एक राहिलं. सीएनजी गळला तर खाली डाग पडत नाही. त्याला मुद्दाम घातलेला उग्र वास हीच खूण. डिकी उघडताना तो आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि ज्यानं किट बसवलं त्यालाच बोलवायचं. तो व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवायचा, हे दादाकडून आजच हातानं करून शिकून घे.

रविवारी एसटीनं ये. डबीची पातळी किती आहे तेवढं पत्र मिळाल्यावर लगेच फोन करून सांग.

तुझा,
मामा