बेहटची बोली

ग्वाल्हेरकर मराठी माणसाला तानसेन ठाऊक असतो तो हजिऱ्यावरील त्याच्या समाधीमुळे. सूफी संत महंमद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी त्याची साधी कबर आहे. तेथील चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही समजूत आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. परंतु ज्या खेड्यात तानसेन जन्मला अशी परंपरा आहे, त्या बेहटला आपल्यापैकी किती जण गेले असतील?

सिटी सेंटरपासून बेहट सुमारे ४५-५० किलोमीटरवर आहे. कचेऱ्या आणि बहुमजली इमारती मागे टाकून, मुरार ओलांडून पुढे गेले की रस्त्याच्या दोन्ही अंगांस शेते लागतात. आम्ही पौषात गेलो होतो. गव्हाच्या हिरवळीत सरसोंचे पिवळे पट्टे उठून दिसत होते. गावाजवळ झिलमिल नावाची लहानशी नदी आहे आणि तिच्या काठी महादेवाचे एक देऊळ, एका बाजूस चक्क कललेले. मुक्या तन्नाला येथेच कंठ फुटला आणि त्याच्या पहिल्या तानेने देऊळ वाकले, असे गावकरी सांगतात. पाया खचला असेल, असे एखादा इंजिनिअर म्हणेल. पण बेहटमध्ये ते बोलून उपयोग नाही!

१९२४ साली सुरू झालेल्या तानसेन समारोहातील एक सभा येथे होते. त्या दिवशी मोटारी येतात, नामवंत कलावंत गातात, आणि मंडप उतरला की गाव पुन्हा आपल्या गाईम्हशींकडे वळते. आम्ही मुद्दाम साध्या दिवशी गेलो, आणि खरा लाभ झाला तो त्यामुळेच.

हातपंपावर बायका बोलत उभ्या होत्या. अँगना, डगर, गगरी, ननदी, बिरियाँ हे शब्द सहज कानांवर येत होते. आम्ही चमकलो. हे तर आपल्या ख्यालांच्या बंदिशींतील शब्द! राजा मानसिंग तोमराने ध्रुपदाला लोकभाषेत प्रतिष्ठा दिली, आणि ब्रजभाषेला एके काळी ‘ग्वालियरी’ असेच नाव होते. पुढे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली आणि विष्णु दिगंबर पलुसकरांनी ती देशभर पसरविली. मराठी घराघरांत हे शब्द गेले, परंतु ते केवळ गाण्याचे शब्द म्हणून. येथे त्याच शब्दांनी पाणी भरले जाते, सुनेला हाक मारली जाते, पोराला दटावले जाते.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली व लष्कर वसले. दोनशे वर्षांहून अधिक काळ आपण या मातीत आहोत. आपण शहराची हिंदी शिकलो, पण तिच्या शेजारची ही बोली मात्र आपल्याला परकीच राहिली.

देवळाच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ ऊन खात बसले होते. ते म्हणाले, “नातवंडे शहरात शिकतात. घरी आली की आमच्यासारखे बोलायची त्यांना लाज वाटते.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या सिटी सेंटरच्या घरातही आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. म्हणजे हे गाव आणि आपण एकाच दुखण्याचे सोबती आहोत. त्यांच्या नातवंडांसमोर शाळेची हिंदी आहे, आमच्याही समोर तीच. आणि दोन्हीकडे म्हाताऱ्या माणसांचे शब्द ऐकणारे कमी होत आहेत.

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून गौरविले. आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांची मुले गाणे शिकतात, त्यांनी एखाद्या रविवारी त्यांना बेहटला अवश्य न्यावे. देऊळ पाहावे, नदीकाठी डबा उघडावा, आणि गावातील आजीबाईंशी घटकाभर बोलावे. बंदिशीतल्या शब्दांचा अर्थ त्या मुलांना वहीत लिहून द्यावा लागणार नाही. आणि जाता-येता गाडीत मात्र सर्वांनी मराठीच बोलावे!