आत्याच्या छातीचे छेद

बोटांची पेरे सुजवून हात वाकडे करणारा आमवात फुफ्फुसांतही ठाण मांडतो, हे एलमन आणि बॉल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४८ सालीच नोंदवून ठेवले असले, तरी आमच्या ढोकी गावात जिना चढताना लागणारी धाप अजूनही वयाच्याच खाती जमा होते, याचे मला अतोनात दुःख होते. लातूरहून आलेल्या आत्याच्या सीटीच्या फिल्म आज खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या त्या छेदांत, दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, बरगड्यांच्या आतल्या कडेला, मधाच्या पोळ्यासारखे कप्पे स्पष्ट दिसतात. साध्या एक्स-रेमध्ये आरंभीच्या अवस्थेत हे बहुधा निसटून जाते. तिला पालथे निजवूनही काही छेद घेतले, ते अशासाठी की, उताणे असता पाठीकडचा भाग दबून जी आभासी छाया उमटते ती पालथे होताच विरते, खरा व्रण मात्र जागचा हलत नाही. सांधे दुखणाऱ्या ज्या रुग्णास कोरडा खोकला जडला असेल, त्याच्या या तपासणीची तजवीज विनाविलंब व्हावयास हवी. आत्या म्हणते, “चुलीपुढं बसलं की दम लागतो बघ, बाकी काय न्हाई.” तिची आमवातावरची मेथोट्रेक्सेटची गोळी पुढे चालू ठेवावी काय, हे उद्या डॉक्टरांना विचारावयाचे आहे.