बाबांचे हात आणि गाडीचा ब्रेक

"ब्रेक मारला की गाडी थरथरते रे," असं बाबा गणपतीपासून सांगत होते. आणि आम्ही सगळे, म्हणजे मी, ताई आणि खरं सांगायचं तर आईसुद्धा, गाडीकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत होतो.

बाबा ७४ वर्षांचे. हल्ली चहा घेताना त्यांच्या हातातली बशी किणकिणते. त्यामुळे स्टिअरिंग हलतं म्हणजे नक्की काय हलतं, ते आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. दिवाळीत साताऱ्याला जायचं आणि गोडीगुलाबीने किल्ली काढून घ्यायची, हे ताईचं आणि माझं फोनवर ठरलंही होतं. असली कामं नेहमीप्रमाणे धाकट्याकडे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, मागायच्या आधी निदान एक चक्कर तरी मारू. हायवेला लागलो. ८० चा वेग, लिंब खिंडीच्या उतारावर ब्रेकवर हलका पाय ठेवला, आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग फडफडायला लागलं! पाय काढला की शांत. ठेवला की परत. माझी बशी वाजत नाही हो. बाबा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग सुरू झाली शोधाशोध. आधी टायरवाल्याकडे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. पैसे गेले, थरथर तशीच. आता कळतं की ते होणारच होतं. बॅलन्सिंगचा दोष ब्रेक न लावताही ठराविक वेगाला जाणवतो. आमची गाडी फक्त ब्रेकवरच हलत होती. (एबीएसमुळेही पेडल पायाखाली धडधडतं, पण ते जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा चाक घसरायला लागल्यावर. हलक्या पायाला नाही.) नेहमीच्या गॅरेजवाल्याने गाडी न उचलताच सांगितलं, "डिस्क वाकल्यात, दोन्ही बदला." अहो, पण आठ महिन्यांपूर्वी तुम्हीच नव्या बसवल्यात ना? त्यावर उत्तर नव्हतं.

शेवटी बाबाच म्हणाले, आपल्या जुन्या मिस्त्रींकडे जाऊ. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ बाबांना विचारलं, "काका, हलतंय कुठं? हातात का शिटाखाली?"

"हातात."

"मग पुढची चाकं."

दोन महिन्यांत हा साधा प्रश्न बाबांना कुणी विचारलाच नव्हता. स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढचे ब्रेक, सीट हललं तर मागचे. खात्री करायला मिस्त्रींनी मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढला. आमच्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. गाडी गुपचूप मंदावली. मागचे ब्रेक सुटले!

मग पुढची चाकं काढली. डिस्क नटांनी हबवर घट्ट आवळली आणि तिच्या तोंडावर डायल गेज टेकवून एक फेरा फिरवली. डावीकडचा काटा १२ शतांश मिलिमीटर हलला. मिस्त्रींच्या मते ५ च्या वर गेला की काळजी. शतांश मिलिमीटर! मला तर हसूच आलं. डिस्क उतरवली तेव्हा हसू गेलं. मागे हबवर गंजाची खपली. नवी डिस्क बसवताना ती कुणी घासलीच नव्हती.

मिस्त्रींनी सांगितलं ते असं. डिस्क वाकलेली नव्हती, तिरकी बसली होती. म्हणून ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला चाटून जायची. हजारो किलोमीटर असं झालं की तेवढी जागा पातळ होते. मग ब्रेक दाबला की पकड जाड जागी जास्त, पातळ जागी कमी. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेतं, तेवढे झटके हातात येतात. म्हणूनच सुरुवातीचे काही महिने गाडी ठीक होती, आणि म्हणूनच नुसत्या नव्या डिस्क बसवल्या असत्या तर पुढच्या गणपतीला परत तेच!

हब वायर ब्रशने लख्ख घासला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्यापेक्षा आमच्या बऱ्याच जाड निघाल्या, म्हणून लेथवर दोन्ही सारख्या करून घेतल्या. परत गेज लावला, तर काटा ३ शतांश. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने सारखे आवळले. पॅड मात्र नवे घेतले.

परत येताना बाबा चालवत होते. उतारावर त्यांनी ब्रेक लावला. स्टिअरिंग दगडासारखं स्थिर. "बघ," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर आईने चहा दिला. बशी वाजली. आम्ही दोघांनीही ऐकली.

ताई, तू हे वाचशीलच. हातासाठी डॉक्टरांची पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे, बाबा स्वतः हो म्हणालेत. आणि किल्ली मी मागितली नाही. तुला फोन करून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितोय.