रतनवाडीची वाट आणि जीपचा सायलेन्सर

अकोल्याहून पश्चिमेकडे निघाले आणि राजूर मागे पडले, की रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो. पुढे शेंडी गावाशी प्रवरेवर 1926 साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण लागते. धरणाच्या पाण्याला वळसा घालत गेले की रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावे येतात. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव काढले की लोकांना टँकर आणि चारा छावण्या आठवतात, पण हा कोपरा अगदी वेगळा. घाटघरला पाऊस असा कोसळतो की तिथे छत्रीचा उपयोग नाही, इरलेच पाहिजे. भात, नाचणी, वरई आणि खुरासणी ही इथली पिके. माणसे कष्टाळू आणि बोलण्यात रोखठोक.

शेती खात्याच्या कामाने मी या वाटेवर बरीच वर्षे हिंडतो आहे. मोटारसायकल जिथे चिखलात रुतून बसते तिथून पुढे जाता यावे म्हणून मी एक जुनी डिझेल जीप घेतली. चारी चाकांना जोर लागणारी, वर ताडपत्रीचा टप, मागे समोरासमोर दोन बाकडी. आमची सौ. तिला ‘तुमची म्हातारी’ म्हणते. या म्हातारीने दोन वर्षांपूर्वी मला एक धडा शिकवला. तो तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

झाले असे की, पावसाचे पाणी आणि चिखल खाऊन तिचा सायलेन्सर गंजला व त्याला भोके पडली. हमरस्त्यावरच्या एका दुकानात मी गाडी नेली. तिथला तरुण कारागीर म्हणाला, “साहेब, पहिल्यासारखा कशाला बसवता? हा मोकळा घ्या. चढाला जोर वाढेल.” त्याने सायलेन्सरचा डबा काढून टाकला, त्या जागी जाड सरळ नळी लावली आणि ती मागच्या चाकाच्या अलीकडेच संपवली. “आता दगडाधोंड्यात अडकायची नाही,” असेही वर सांगितले. ते मला पटले. गाडी सुरू केली तर आवाज असा घुमला की छाती भरून आली. पन्नाशी उलटली तरी माणसातले पोर जात नाही, हेच खरे.

आठवडाभर मी खुशीत होतो. मग एकदा शेंडीच्या अलीकडच्या चढावर सहज ध्यानात आले. गाडीत खताच्या गोण्या नेहमीइतक्याच होत्या, चढही तोच, आणि दुसरा गिअर पूर्वी जिथे टाकावा लागे तिथेच आताही टाकावा लागला. जोर कुठे वाढला होता? वाढला होता तो नुसता आवाज.

सायलेन्सरच्या डब्यात आडवे पडदे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. इंजिनातून धडधडत येणारा धूर त्यातून वळणे घेत जातो आणि आवाजाचा जोर आतच मोडतो. धुराला वाट मोकळी हवी हे खरे. पण माझ्या म्हातारीसारख्या साध्या इंजिनाची ताकद मुख्यतः डिझेल आणि हवा यांच्या मेळावर ठरते. एअर फिल्टर मातीने भरलेला असेल, तर तो साफ केल्याने जो फायदा होईल तो डबा काढून होणार नाही.

आवाजाचे भोग मात्र सुरू झाले. रतनवाडीला पोचण्याआधीच गोठ्यातली वासरे दावी ताणू लागत. एक म्हातारबाबा मला म्हणाले, “सायेब, तुम्ही येणार ते आम्हाला गुरं आधीच सांगत्यात!” सगळे हसले, मीही हसलो, पण मनाला लागले. मेअखेरीस पहिल्या पावसाच्या आधी इथल्या हिरडा, बेहडा, जांभळाच्या झाडांवर काजवे लखलखतात. ते पाहायला शहरातून रात्री गाड्यांची रांग लागते. दिवसभर राबलेल्या माणसांना त्या आवाजाने झोप येत नाही. मी त्या पाहुण्यांना नावे ठेवीत होतो, आणि माझी गाडी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती.

पण खरा प्रसंग जुलैमध्ये आला. रतनवाडीला चारसूत्री भात लागवडीचे प्रात्यक्षिक होते. दोरीला खुणा करून 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतरावर रोपे लावायची आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचायची, हे दाखवायचे होते. गोळ्यांच्या गोण्या घेऊन मी निघालो. शेंडीला बचत गटाच्या चार बायका भेटल्या, एकीबरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. पाऊस मी म्हणत होता. त्यांना मागे बसवले, बाजूचे पडदे घट्ट बांधले आणि हवेसाठी मागचा पडदा तेवढा वर गुंडाळला.

वाटेत एका मोरीवरून पाणी वाहत होते. ते ओसरेपर्यंत थांबणे भाग होते. इंजिन पुन्हा सुरू होण्यात कुचराई करील म्हणून मी ते बंद केले नाही. माझी खिडकी उघडी होती. मागच्या गप्पा, हसणे हळूहळू थांबले. मला वाटले, डुलक्या लागल्या असतील. पाणी उतरल्यावर मी गाडी काढली आणि थोडे पुढे गेलो, तोच मागून टपाच्या गजावर धडाधडा हात आपटला. एक मावशी ओरडली, “सायेब, थांबवा गाडी! आत काय चूल पेटवलीया का? पोरीनं मान टाकली!”

मी इंजिन बंद करून धावलो. मुलीला पावसातच उघड्यावर आणले. तिचे अंग ढिले पडले होते. थोड्या वेळाने ती ओकली आणि डोळे उघडून रडू लागली. ते रडणे ऐकून माझ्या जिवात जीव आला. बाकीच्यांचीही डोकी ठणकत होती. सगळे पडदे सोडून, वारा खेळता ठेवून आम्ही तशीच गाडी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मुलीला प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत ती हसूखेळू लागली.

काय घडले ते उघड होते. नळी गाडीच्या पोटाखालीच संपत होती. गाडी उभी असताना धूर तळाच्या भोकांतून वर येत होता. गाडी चालू झाल्यावर मागच्या उघड्या पडद्यातून हवेबरोबर तोच धूर आत ओढला जात होता. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण कोंडलेल्या जागेत तेवढाही घात करतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आपण त्याला ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देतो. मावशीचे आयुष्य चुलीपुढे गेलेले, म्हणून तिला धुराची धास्ती वेळीच कळली. मी बी.एस्सी. झालेला, पुढे बसलेला, मला कळली नाही.

दुसऱ्याच दिवशी राजूरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आधी गार इंजिन सुरू करून नळीच्या तोंडाशी ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर धरला. सांध्यांतून फुसफुस आवाज आला. जिथे काजळी धरली होती तिथेच गळती होती. मग त्यांनी आतले पडदे शाबूत असलेला, माझ्या गाडीच्या मापाचा सायलेन्सर बसवला. सांध्यांना नवी गॅस्केट घातली. शेपटीची नळी गाडीच्या मागच्या कडेबाहेर काढली. डिझेलची आणि ब्रेकची नळी तापणार नाही एवढे अंतर राखले. इंजिन हलते तशी नळीही हलली पाहिजे, म्हणून ती रबरी पट्ट्यांवर टांगली. शेवटी तळाची भोके बुजवली.

शेतकरी बंधूंनो, सायलेन्सर बदलायचा झाला तर गाडीसाठी ठरलेल्या प्रकारचाच बसवा. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. आवाज-धुराचे नियम मोडल्यास 190 व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यालाही 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण दंडापेक्षा जीव मोठा. दार लावलेल्या शेडमध्ये ट्रॅक्टर चालू ठेवू नका, बंद खोलीत डिझेल पंप चालवू नका. तापलेल्या नळीची गाडी वाळल्या गवतावर किंवा खळ्यातल्या पेंढ्याजवळ उभी करू नका. तेवढ्या आचेने आग लागते.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा रतनवाडीला गेलो. गाडी इतकी शांत होती की खाचरातून खाचरात उतरणारे पाणी ऐकू येत होते आणि कुठे तरी पावश्या ओरडत होता. अमृतेश्वराच्या देवळापाशी त्याच बायका उभ्या होत्या. त्यांना शेंडीला यायचे होते. मावशी लगेच बसली नाही. तिने मला इंजिन सुरू करायला लावले, मागे जाऊन नळी कुठवर आली ते पाहिले, टपात डोके घालून वास घेतला. मी पुढे चाकावर हात ठेवून परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो.

मग ती वळून म्हणाली, “बसा गं, आता धूर नाही.”

तेव्हा कुठे ती मुलगी आईचा हात सोडून गाडीत चढली.